हप्त्याचा फोन

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त रेडिओ जरा जवळ घ्या. आज थोडे आकडे सांगणार आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी आमच्या गटातल्या एका काकूंबरोबर बँकेत गेले होते. काकूंकडे एक गाय आहे, दुसरी घ्यायची होती. ८० हजारांच्या कर्जाचा अर्ज भरलेला, फोटो लावलेले, डेअरीचा दाखला जोडलेला. साहेबांनी आधार नंबर टाकला, संगणकात बघितलं आणि विचारलं, "मोबाईलचे हप्ते थकलेत का तुमचे?" काकू माझ्याकडे बघायला लागल्या. कारण मोठ्या पडद्याचा फोन घ्या म्हणून मागे मीच लागले होते. गटाचा हिशेब मी लिहिते. प्रत्येक वेळी काकूंचा ओटीपी मुलाच्या फोनवर जायचा आणि मुलगा शेतात असायचा, म्हणून मीच म्हटलं होतं, "काकू, स्वतःचा फोन घ्या आता."

साहेब म्हणाले, "आधी हे मिटवून या." अर्ज परत हातात.

बाहेर पायरीवर बसून आम्ही पासबुक उघडलं. काकू म्हणाल्या, "अगं, पैसे तर कापलेत. हे बघ, दर महिन्याला कापलेत." खरंच कापले होते. पण कापले होते २९५ रुपये. आणि हप्ता होता १,५०० रुपयांचा.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. फोन घेताना दुकानातल्या मुलाने काकूंच्या खात्यावर हप्ता आपोआप कापायची मंजुरी घेतली होती. तारीख ठरली दर महिन्याची २. काकूंचा दुधाचा पगार दहा दहा दिवसांनी होतो. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांचा पगार खात्यात येतो ५ किंवा ६ तारखेला. म्हणजे २ तारखेला फायनान्स कंपनी पैसे मागायला येणार आणि खातं रिकामं असणार! नोव्हेंबरचा हप्ता गेला, कारण दिवाळीचे दरफरकाचे पैसे खात्यात पडले होते. डिसेंबरचा परतला. दुकानातून फोन आला, काकूंनी जाऊन रोख भरला. जानेवारीत २ तारखेला परतला. कंपनीने ८ तारखेला पुन्हा मागितला, तोवर काकूंनी पगार काढून पेंड आणलेली. पुन्हा परतला. फेब्रुवारीत तसंच, दोनदा.

हप्ता परतला की बँक दंड कापते. काकूंच्या बँकेचा दंड २५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले २९५. असे पाच वेळा. १,४७५ रुपये. एका हप्त्याला २५ रुपये कमी, आणि त्यातला एक रुपयाही फोनच्या खात्यात जमा नाही. खात्यातून पैसे गेले म्हणजे हप्ता गेला, असं काकू समजत होत्या. त्यात त्यांची काय चूक? पासबुकात इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, आपण फक्त आकडा बघतो. कंपनीने तिच्या बाजूने दर चुकलेल्या महिन्याला ५०० रुपये वेगळे लावले होते. दोन हप्ते आणि तीन महिन्यांचा दंड मिळून ४,५०० रुपये देणं निघालं.

त्याच्या आठ दिवस आधी फोन बंद पडला होता. बंद म्हणजे बिघडला नव्हता. पडद्यावर निरोप आला, हप्ता भरा. बाकी काही उघडेना. डेअरीचा लिटर आणि फॅटचा मेसेज दिसेना, मुलीशी बोलता येईना. काकूंना वाटलं, पाण्याचा हात लागला असेल. चार्जिंगला लावून ठेवला बिचारीने रात्रभर.

आता हे कुलूप काय असतं ते ऐका. आपल्याकडे दुकानातून फोन घेतला की त्यात कुठल्याही कंपनीचं सिम चालतं. अशा फोनला अनलॉक फोन म्हणतात. पूर्वी असं नसायचं. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन दिले, बाकीचे पैसे महिन्याच्या महिन्याला, आणि तो फोन त्याच कंपनीवर चालायचा. २०१७ चा जिओफोन आठवत असेल, १,५०० रुपये अनामत आणि सिम फक्त जिओचं. अमेरिकेत तर अजूनही फोन कंपन्या हप्त्याच्या फोनला आपल्याच सिमचं कुलूप घालतात. म्हणून २०१५ साली अॅपल कंपनीने तिकडे योजना काढली, तेव्हा अनलॉक फोन हे तिचं मोठं आकर्षण होतं. २४ हप्ते, आणि १२ भरले की जुना फोन परत देऊन नवा घ्यायचा.

आपल्या तालुक्याच्या दुकानातही आता 'अपग्रेड' हा शब्द ऐकू येतो. काही हप्ते भरा, फोन आणून द्या, नवा घेऊन जा. ऐकायला गोड आहे. पण जुन्या फोनची किंमत दुकानदार ठरवणार, तुमचं राहिलेलं कर्ज त्यातून वळतं होणार, आणि नव्या फोनचे हप्ते पहिल्यापासून सुरू. जित्राब बदलताना आपण दहा जणांना विचारतो, दात बघतो. फोन बदलताना का विचारू नये? ज्या बाईचा फोन धड चालतोय तिने या भानगडीत पडू नये, असं माझं सरळ मत आहे.

तर सिमचं कुलूप आपल्याकडे राहिलं नाही, पण हप्त्याचं आलं. काही कंपन्या फोन चालू करून देतानाच त्यात एक अॅप घालतात. हप्ता थकला की ते अॅप फोन बंद करतं. फोन पुसून पहिल्यासारखा केला तरी ते बहुतेक वेळा निघत नाही. दुकानात स्पष्ट विचारायचं, "दादा, यात लॉकचं अॅप टाकणार का? टाकलं तर शेवटच्या हप्त्यानंतर काढून कोण देणार?" एवढं विचारलं तरी समोरचा जरा सावरून बोलतो.

आता पैशाचा हिशेब. काकूंची पावती समोर ठेवून मी आकडेमोड केली. फोनची किंमत १५,०००. सुरुवातीला भरले ३,०००, मग १,५०० चे आठ हप्ते. आठ गुणिले पंधराशे बारा हजार. बरोबर पंधरा. व्याज शून्य, असं दुकानातल्या पाटीवरही लिहिलेलं. पण त्याच दिवशी प्रोसेसिंग फी ७९९, फोनच्या विम्याचे १,१९९ आणि हप्त्याच्या कार्डाचे ५३० घेतले होते. झाले १७,५२८. विमा घेतलाय हे काकूंना माहीतच नव्हतं. तो घ्यायलाच हवा अशी सक्ती नसते, नको म्हणता येतं. मग मी त्याच दुकानात जाऊन साळसूदपणे विचारलं, "हा फोन रोख घेतला तर?" तो म्हणाला, १३,५०० ला देतो.

शून्य व्याज ते हेच! रोखीवाल्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, आणि त्या सुटीत व्याज बसवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना लेखी कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. तरी पाट्या आहेतच.

मग गटाचं गणित मांडलं. काकूंनी स्वतःचे ३,००० घातले असते आणि १०,५०० गटातून घेतले असते, शेकडा दोन रुपयांनी, महिन्याला १,५०० मुद्दल फेडत, तर सात महिन्यांत व्याज होतं ८४० रुपये. सगळा फोन पडला असता १४,३४० ला. ३,१८८ रुपये वाचले असते, आणि व्याजाचे ८४० आपल्याच पेटीत आले असते. हे गणित मी ऑक्टोबरात मांडायला हवं होतं. मी मांडलं फेब्रुवारीत. त्या दिवशी रात्री मला जेवण गेलं नाही.

पण प्रत्येक गटाच्या पेटीत त्या वेळी पैसे असतीलच असं नाही, त्यामुळे दुकानाचा हप्ता कधी घ्यावाही लागेल. तेव्हा एक कागद मागायचा. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, थोडक्यात केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांना तो द्यायलाच हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. त्यात वर्षाचा खरा दर किती, फी किती, विमा किती, हप्ता चुकला तर दंड किती, तक्रार कुणाकडे करायची, सगळं एका जागी असतं. कागद मिळाला की लगेच हो म्हणायची गरज नाही. त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात. घरी आणा, गटाच्या बैठकीत वाचा. दुकानातला मुलगा म्हणेल, ऑफर आज रात्री संपते. संपू दे.

आणि ओटीपी. आपल्याकडे ओटीपी सांगणं म्हणजे पाणी विचारण्याइतकं सोपं झालंय. काकूंनी त्या दिवशी चार ओटीपी सांगितले. एक आधारचा, एक कर्जाचा, एक खात्यातून कापायच्या मंजुरीचा, आणि चौथा कशाचा ते आजही कळलेलं नाही. हा अंगठाच आहे, बायांनो. कशाचा ते विचारल्याशिवाय सांगू नका. आणि कापायची तारीख विचारा. आपल्या पगाराच्या आधीची असेल तर पुढची मागून घ्या. ही मंजुरी देण्याआधीच बोलायचं, नंतर बदलणं अवघड जातं.

वसुलीवाल्याचा फोन काकूंच्या जावयाला गेला होता. दुकानात ओळखीचा नंबर म्हणून त्यांचाच दिलेला. १,५०० रुपयांसाठी जावयासमोर मान खाली. काकू रडल्या त्या याच गोष्टीला, दंडाला नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, आणि घरच्यांना, ओळखीच्यांना फोन करून लाज काढता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. असं झालं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि पोच ठेवायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दुकानदाराबद्दल तक्रार असेल तर ग्राहकांसाठीचा १९१५.

अजून एक गोष्ट, जी बैठकीत कुणी उघड बोलत नाही. पुतण्या येतो, भाचा येतो. "काकी, तुझं नाव चांगलं आहे, तुझ्या नावावर फोन घेतो, हप्ते मी भरतो." आपल्या बायका गटाचे हप्ते वेळेवर फेडतात, म्हणून नाव चांगलं असतं. फोन त्याच्या खिशात, कर्ज तुमच्या आधारवर. त्याने एक हप्ता चुकवला तरी नोंद तुमच्या नावावर. नाही म्हणणं जड जातं, मला कळतं. मी स्वतः माझ्या भावाच्या मुलाला नाही म्हटलं, दोन महिने वहिनी बोलत नव्हती. आता बोलते.

जुना फोन घेत असाल तरी सांभाळून. कुणी हप्ते संपायच्या आत फोन विकतो, आणि तुमच्या हातात आल्यावर महिन्याभरात तो बंद होतो. विकणाऱ्याकडे कर्ज फिटल्याचा कागद मागा. फोन चोरीचा तर नाही ना, हेही बघता येतं. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी नंबर दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरं लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज करायचा. मात्र हप्ता थकलाय की नाही हे त्यातून कळत नाही.

काकूंचे ४,५०० आम्ही गटातून भरले. फोन दुसऱ्या दिवशी सुरू झाला. तेव्हापासून २५ तारखेच्या पगारातले पंधराशे खात्यातच ठेवायचे, पेंडीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. जूनमध्ये शेवटचा हप्ता गेला. देणं बाकी नाही असा कागद मागितला, तो दोन खेपांनंतर मिळाला. लॉकचं अॅप दुकानात समोर बसून काढून घेतलं. मग कर्जाच्या नोंदीचा अहवाल मागवला. सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात फोनचं खातं बंद दिसतंय, पण जानेवारी आणि फेब्रुवारीचा उशीर तसाच आहे. तो खरा झालाय, त्यामुळे पुसता येत नाही. चूक नोंद असती तर तक्रार केल्यावर त्यांना ३० दिवसांत निकाल द्यावा लागला असता, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

येत्या मंगळवारी काकू पुन्हा बँकेत जाणार आहेत. गाय त्यांनी बघून ठेवली आहे, दुसऱ्या वेताची. मी बरोबर जाणार आहे, पासबुक, तो कागद आणि अहवाल पिशवीत घेऊन. नमस्कार.