कारण लिहिलं आहे का, ते पाहा

मला विषय मोठा मिळाला आहे: माजी सैनिकांचं अपंगत्व पेन्शन आणि त्यासाठीचे कायदेशीर दावे. हातात मिनिटं थोडी आहेत, तेव्हा मी एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. आपल्या भागातल्या जवानांचे अर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. त्यात सारखं एक दिसतं. डिस्चार्ज बुक जपलेलं असतं, पेन्शनच्या आदेशाच्या, म्हणजे पीपीओच्या, झेरॉक्स चार ठिकाणी असतात, मेडल भिंतीवर असतात. पण ‘मेडिकल बोर्डाचा कागद दाखवा’ म्हटलं की उत्तर येतं, ‘असेल ट्रंकेत कुठंतरी.’ आणि सगळा दावा उभा असतो तो त्याच कागदावर.

तो कागद हाती आला की आपला माणूस आधी टक्के बघतो. वीस टक्के, तीस टक्के, चाळीस टक्के. टक्के महत्त्वाचे आहेतच, वीसच्या खाली आलात तर पुढची वाट बिकट होते. पण टक्क्यांच्या आधी एक रकाना असतो. हा आजार किंवा ही इजा लष्करी सेवेमुळे झाली का? सेवेमुळे झाली नसेल तर सेवेमुळे बळावली का? दोन्हींपैकी एकाला ‘होय’ असलं तरी पुरतं. दोन्हींना ‘नाही’ असेल, तर टक्के चाळीस असोत की साठ, पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग शून्य. आणि या ‘नाही’ पुढं बहुतेक वेळा एकच छापील वाक्य असतं, की आजार शरीरप्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही. बस्स. पुढं कारण नाही.

माझं सांगणं एवढंच आहे: त्या ‘नाही’ पुढं कारण लिहिलं आहे का, ते पाहा.

हे मी मनानं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2 जुलै 2013 चा निकाल आहे, धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार. सिग्नल कोअरमधला हा जवान 1985 मध्ये भरती झाला. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिटच्या आजारामुळं त्याला 1994 मध्ये घरी पाठवलं. अपंगत्व वीस टक्के, आणि बोर्डाचं मत तेच, सेवेशी संबंध नाही. न्यायालयानं सरळ प्रश्न विचारला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून याला धडधाकट ठरवलं, तेव्हा कागदावर या आजाराची नोंद नाही. मग नंतर झालेला आजार सेवेमुळे झालेला नाही, हे दाखवायचं कोणी? जवानानं नव्हे, सरकारनं. नियमांत संशयाचा फायदा जवानाला आहे आणि बोर्डानं कारणं द्यायला हवीत. बोर्डानं कारण दिलं नव्हतं. जवान जिंकला. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंगच्या खटल्यात आणि 2015 मध्ये राजबीर सिंगच्या खटल्यात न्यायालयानं हाच धागा पुढं नेला.

आता गावाकडच्या श्रोत्यांना हे पटकन कळावं म्हणून सांगतो. मेडिकल बोर्डाचा कागद हा तुमच्या शरीराचा सातबारा आहे. शेत तुम्ही कसता, नांगर तुम्ही धरता, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर कर्ज मिळत नाही, भरपाई मिळत नाही. सीमेवर सियाचीनला राहिलात, राजस्थानच्या वाळूत राहिलात, गुडघे झिजले, कान गेला, रक्तदाब चढला. पण नोंद ‘संबंध नाही’ अशी पडली, तर तुमच्या कष्टाचं नाव उताऱ्यावर लागलेलं नाही. आणि सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार पडला तर आपण काय करतो? हरकत घेतो. तलाठ्याकडं जातो, मंडल अधिकाऱ्याकडं जातो, प्रांताकडं अपील करतो. हातभर बांधासाठी भाऊबंद पिढ्या घालवतात. मग स्वतःच्या शरीराच्या उताऱ्यावर चुकीची नोंद पडली, तर ‘साहेबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल’ असं म्हणून गप्प का बसता? फौजेत हुकूम पाळायची सवय लागते, हे मला समजतं. पण बोर्डाचं मत हा हुकूम नव्हे, ती नोंद आहे. नोंदीवर हरकत घेता येते. फेरफारासारखीच तिला मुदतही असते. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं, ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा, काम 2009 मध्ये सुरू झालं, आणि आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

मुदत गेली असेल तर? पुष्कळांची गेलेली असते. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं झालेली असतात. तर ऐका. तरसेम सिंगच्या निकालात, 2008 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला नव्यानं होणारी हानी आहे. त्यामुळं उशीर झाला एवढ्यावरून दावा मरत नाही. पण त्या निकालात मागची थकबाकी तीन वर्षांपुरतीच मिळाली. म्हणजे जितका उशीर, तितकं पाणी वाहून गेलं. तरसेम सिंग 1983 मध्ये घरी आला होता आणि 1999 मध्ये न्यायालयात गेला. मधल्या वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

पैशाचंही एक सांगतो, कारण घरच्या माणसांना तेच आधी कळतं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, हा अपंगत्वाच्या भागाचा दर. समजा पगार चाळीस हजार. शंभर टक्क्यांना बारा हजार. वीस टक्क्यांचे दोन हजार चारशे. पण 1996 पासून टक्के वरच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आहे: पन्नासच्या आतले पन्नास धरायचे, पन्नास ते पंच्याहत्तरचे पंच्याहत्तर, त्यावरचे शंभर. म्हणजे तेच वीस टक्के पन्नास होतात आणि दोन हजार चारशेचे सहा हजार. आधी हा फायदा फक्त मध्येच बोर्डानं घरी पाठवलेल्यांना मिळायचा. राम अवतारच्या निकालानं, 10 डिसेंबर 2014 ला, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या पण अपंगत्व घेऊन आलेल्यांनाही तो मिळाला. ज्यांना हे माहीत नाही, असे सुभेदार, हवालदार आजही मला भेटतात.

सगळेच दावे खरे असतात असं मी म्हणणार नाही. रजेवर नातेवाइकाच्या घरी पडून झालेल्या इजेचा दावा सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये नाकारला. फौजेत नोकरी होती एवढ्यानं भागत नाही, इजेचा नोकरीशी धागा लागतो. म्हणून इजा झाली त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष, कुठल्या युनिटमध्ये कुठं पोस्टिंग होतं याचा दाखला, हे सगळं लागतं. जे जवान आत्ता नोकरीत आहेत आणि रजेवर घरी बसून हे ऐकत असतील, त्यांना कळकळीनं सांगतो: ड्यूटीवर पाय मुरगळला तरी त्याची नोंद करून घ्या. ‘एवढंसं काय लिहायचं’ म्हणू नका. वीस वर्षांनी बोर्डासमोर ते एवढंसंच कामाला येतं.

21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांत काही गोष्टी बदलल्या आहेत, जुन्या निकालांचा आधार तिथं कसा घ्यायचा यावर... ते आज पुरं होणार नाही. लढाईत जखमी झालेल्यांचं पेन्शनही वेगळं, त्याचा दर वेगळा. त्यावरही बोलायचं होतं. आपल्या पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे, आणि 1965 च्या लढाईत जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं, हे आपण अभिमानानं सांगतो. अभिमान असावाच. पण त्यांच्यासारखीच जखम घेऊन गावात बसलेल्या माणसाचा कागद कोण वाचतो, हेही विचारावं.

वेळ संपत आली, म्हणून परत तेच सांगतो. ‘संबंध नाही’ या शब्दांपुढं कारण लिहिलं आहे का, ते पाहा. कागद हाती नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, हुद्दा, नाव लिहून मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावला, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते त्याच कामासाठी आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. 2025 पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांची वीर परिवार सहायता योजना सुरू आहे. थकबाकीतला वाटा मागणाऱ्या दलालाला मात्र एकही मूळ कागद देऊ नका.

आणि वीरपत्नींनो, माजी सैनिकांच्या पत्नींनो, तुमचा माणूस आज हयात नसेल, तरी त्याच्या हयातीत थकलेलं मागण्याचा हक्क तुमचा आहे. ट्रंक उघडा, तो कागद काढा, घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि हे याच आठवड्यात करा.