निराधार बालकांचे प्रतिपालन : गल्लीचे आणि गावाचे काम
(मालेगाव तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आई किंवा बाप अकाली गेला म्हणून मालेगावच्या गल्लीत मूल सहसा उघड्यावर पडत नाही. आजी, मावशी, चुलते, प्रसंगी शेजारीणही त्याला घरी नेते. अडचण त्यानंतर सुरू होते. यंत्रमागाच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात दोन तोंडे वाढली की काही महिन्यांतच थोरला मुलगा कांड्या भरण्यास जाऊ लागतो आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. मग कोणीतरी सुचवितो की, भावाला एका बालगृहात आणि बहिणीला दुसऱ्या बालगृहात ठेवावे. आई गेलेल्या त्या मुलांना आता एकमेकांनाही मुकावे लागते.

हे टाळण्याची तरतूद कायद्यात आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४४ अन्वये बाल कल्याण समिती मुलास प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवू शकते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, असे हेच कलम सांगते. समितीच्या अनुमतीने जन्मदात्यांना मुलाची भेट घेता येते आणि प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी, असाही दंडक आहे. तो आवश्यकच आहे. कारण सांभाळण्याच्या नावाखाली घरकामाला मूल मिळविणारे लोकही समाजात असतात. म्हणूनच समितीच्या आदेशावाचून मूल परस्पर परक्याच्या हाती देणे योग्य नव्हे.

प्रतिपालन म्हणजे दत्तकविधान नव्हे, ही गोष्ट या शहरात विशेष समजावून सांगावयास हवी. दत्तक घेण्याचा अधिकार या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केले. तथापि ज्यांना तो मार्ग धर्मदृष्ट्या रुचत नाही, त्यांना प्रतिपालन परके वाटू नये. यात मुलाचे नाव बदलत नाही, वंश बदलत नाही. यतिमाच्या ‘कफालत’ची जी परंपरा मुस्लिम समाजात आहे, तिच्याशी हे बरेच जुळणारे आहे. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. जोतीराव फुले यांची आई लवकर वारली. त्यांना वाढविले ते सगुणाबाईंनी.

राज्याच्या बाल संगोपन योजनेस आज सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. २०२३ पासून तीत प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली हे साहाय्य ४,००० रुपये आहे. २०२४ च्या सुधारित आदर्श मार्गदर्शक सूचनांनी तर ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीसही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली. दोन वर्षांच्या संगोपनानंतर, मूल कायद्याने दत्तकयोग्य असल्यास, त्याच कुटुंबास दत्तक घेण्याचा विचार करता येतो; पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

योजना आहे, पैसा आहे. तरी अर्ज अडतो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे खाते एवढे जमविताना वृद्ध आजी थकून जाते. नाशिक येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. शिवाय पुष्कळ घरांत वाचन उर्दूचे आणि अर्ज मराठीत! येथे शिक्षकाने अर्धा तास दिला तर काम होते. उर्दू शाळेतील गुरुजनांनी आपल्या वर्गातील अशा मुलांचे अर्ज स्वतः भरून द्यावेत. गृहभेट शुक्रवारी ठेवावी. त्या दिवशी माग बंद असतात व कर्ता माणूस घरी भेटतो.

खेड्यांत ग्राम बाल संरक्षण समिती सरपंचांच्या अध्यक्षतेखाली असते. तिच्या पुढील बैठकीत अंगणवाडी सेविकेकडून एकच यादी मागवावी : गावातील कोणती मुले आईबापांवाचून, कोणाच्या घरी राहतात? त्यांपैकी किती शाळेत जातात, हेही त्याच कागदावर लिहावे आणि तो कागद जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवावा. एखादे मूल संकटात असेल तर बैठकीची वाट न पाहता १०९८ या क्रमांकावर कळवावे.