गट्टू बसवण्याआधी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



येत्या आमसभेपुढे एक विषय आहे: मागचं लॉन काढून तिथे गट्टू बसवायचे का? पावसाळ्यात गवतावर मातीच्या गोळ्यांचे ढीग होतात, गांडुळं पायऱ्यांपर्यंत येतात, अशी तक्रार आहे. मतदानाआधी गांडुळांची बाजू मांडतो.

त्या गोळ्या म्हणजे गांडुळांची विष्ठा. कुजका पाला आणि माती त्यांच्या पोटातून गेली की तिचं खत होतं. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी गांडुळं एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती वर आणतात, असा त्यांचा हिशेब.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून घट्ट होते आणि पाणी वरूनच वाहून जातं. गांडुळांच्या बिळांतून ते खाली उतरतं. एका लॉनने बोअर भरणार नाही, हे मान्य. पण मे महिन्यात टँकर बोलावणाऱ्या आपण पाणी मुरायची उरलेली जागाही झाकायची का?

मुलांनो, गांडुळाला फुप्फुस नसतं. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. म्हणून फरशीवर आलेलं गांडूळ ऊन लागलं की वाळून मरतं. दिसलं तर अलगद उचलून गवतात ठेवा. आणि तोडून एकाची दोन होत नाहीत बरं!

कोणी म्हणेल, गट्टू बसवू आणि कुंड्या-वाफ्यांत विकतची गांडुळं सोडू. गांडूळखतासाठी बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा ही जात वापरतात. ती शेणात, कुजक्या पाल्यात वाढते. नुसत्या मातीत टिकत नाही. खताच्या टाक्यात ती जरूर ठेवू, पण वर सावली आणि ओलं पोतं हवं, नाहीतर आपल्या ४५ अंशांत ती जगायची नाही. बागेतली गांडुळं वेगळी. त्यांना पाला, ओल मिळाली आणि विष टाकलं नाही, की ती आपोआप वाढतात.

१९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं मुख्यालय आपल्या वर्ध्यातच, मगनवाडीत होतं. कचऱ्याचं खत करा, हा गांधीजींचा आग्रह. त्याच गावात आपण पानगळीचा पाला जाळतो!

म्हणून विनंती तीन. गट्टू फक्त पायवाटेला बसवू, लॉन राहू द्या. त्यावर दाणेदार कीटकनाशक टाकू नका. पाला न जाळता झाडांच्या आळ्यात पसरा. मातीचे ढीग खुपतच असतील तर वाळल्यावर खराटा फिरवा, झालं काम.

आमसभेला सगळ्यांनी या आणि लॉनच्या बाजूने हात वर करा.