लोखंड स्वस्त, पण भाजणे महाग

श्रोतेहो, मोबाइलची बॅटरी केवढ्याला मिळते हे आपल्याला ठाऊक असते; पण तो पैसा नेमका कशाचा, हे सहसा कुणी विचारत नाही. बॅटरीत भरायची पूड तयार करणे हेच माझे काम असल्याने मला हा प्रश्न रोजच पडतो.

लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला बहुधा ग्रॅफाइट असते. धन बाजूला, म्हणजे कॅथोडला, धातूचे संयुग लागते आणि बॅटरीतला सर्वांत महाग घटक बहुधा हाच. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड पुढे आणला. १९९१मध्ये सोनीने त्यावर चालणारी बॅटरी बाजारात आणली. पण कोबाल्ट मुबलक नाही. जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तिथल्या हातांनी खणायच्या काही खाणींत लहान मुलेही राबताना आढळली आहेत.

मग स्वस्त काय? तर आपले लोखंड! १९९७ साली टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा कॅथोड जगापुढे ठेवला. लोखंड आणि खतांत असते ते फॉस्फेट, दोन्ही विपुल. शिवाय फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन इतका घट्ट बांधलेला असतो, की बॅटरी तापली तरी तो सहज सुटत नाही. त्यामुळे आगीचा धोका कमी.

अडचण एकच, या पदार्थातून वीज नीट वाहत नाही. म्हणून त्याचे कण अतिशय बारीक करतात आणि त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवतात. त्यासाठी चक्क साखरही चालते! मिश्रणात साखर घालून ते भट्टीत सुमारे ७०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजायचे. पण भट्टीत हवा शिरता कामा नये. शिरली, तर काळ्या पुडीऐवजी तांबूस पूड हाती येते. म्हणून सतत नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडावा लागतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, लोखंड स्वस्त आहे. त्याला हवा लागू न देता भाजणे स्वस्त नाही. आज खरी झटापट आहे ती इथे : भट्टीचे तास, वायू आणि वीज कशी वाचवायची?

ही बॅटरी तेवढ्याच विजेसाठी कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा जड पडते. खिशातल्या फोनला ते परवडत नाही. पण रिक्षा, बस किंवा सौर वीज साठवणाऱ्या केंद्राला चालते.

आणखी एक गोष्ट. कोबाल्टच्या लोभाने जुनी बॅटरी भंगारवाला आनंदाने नेईल. लोखंडाच्या बॅटरीत त्याला तितके मोल मिळत नाही. म्हणजे जी वस्तू घ्यायला स्वस्त, तीच उकिरड्यावर जाण्याची भीती अधिक. तेव्हा श्रोतेहो, स्वस्त बॅटरी घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : संपल्यावर ही परत कोण घेणार?