दिवाळीचे गिऱ्हाईक आणि दिलेला शब्द



नवउद्योगाने सणासुदीच्या बाजारासाठी जाहिरातीची तयारी कशी करावी, हा विषय चिटणिसांनी मला नेमून दिला आहे. सभागृहात वह्या उघडून बसलेल्या तरुण मंडळींची अपेक्षा अशी असावी की, इन्स्टाग्रामवर काय टाकावे, व्हॉट्सॲपवर काय धाडावे आणि सवलत किती टक्के ठेवावी, याचा तक्ता मी मांडून देईन. तो तक्ता आपणांपैकी बहुतेकांजवळ आहेच. म्हणून त्यात वेळ न दवडता, पुष्कळ वर्षे माझ्या मनात घर करून असलेली गोष्ट आधीच सांगतो: सणाची जाहिरात ही गिऱ्हाइकास लिहून दिलेली कबुलायत आहे, आणि कोठारात जेवढा माल व हातांत जेवढे बळ असेल, त्याहून अधिकाची कबुलायत लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही उद्योजकास नाही.

फ्लिपकार्टचा इतिहास आपण सर्व जाणता. तो उगाळीत बसत नाही. ६ ऑक्टोबर २०१४ हा दिवस तेवढा आठवा. दिवाळी तोंडावर आली असता या कंपनीने ‘बिग बिलियन डे’चा डंका देशभर पिटला आणि दहा तासांत सहाशे कोटी रुपयांची विक्री झाल्याचे जाहीरही केले, परंतु त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, भाव बदलत राहिले, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल व बिनी बन्सल या संस्थापकांना ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. जाहिरात पुरून उरली होती. अपुरी पडली ती तिच्यामागची तजवीज. त्यांच्यापाशी भांडवल होते म्हणून ते सावरले. दोन खोल्यांत चालणारा उद्योग अशा एका दिवाळीनंतर उभा राहत नाही.

मागच्या रांगेतून कोणी विचारीत आहे, ‘मग सवलत द्यायचीच नाही का?’ (हशा.) अवश्य द्यावी, पण जमाखर्च मांडून द्यावी. मी जाहिरातीचा द्वेष्टा आहे, असा ग्रह कृपा करून कोणी करून घेऊ नये. फेसबुक आणि गूगल यांवरील जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते; दिवाळीच्या आठवड्यात मोठमोठ्या कंपन्या त्या लिलावात उतरल्या की भाव चढतो, आणि नवख्याची थैली तिथेच रिकामी होते. म्हणून माझे म्हणणे इतकेच की, अनोळखी गिऱ्हाईक श्रावण-भाद्रपदात, भाव उतरलेला असताना, शोधावे आणि दिवाळीत केवळ ओळखीच्यांशी बोलावे.

आमच्या पेठेतील एका बाईंचे उदाहरण देतो. त्या अनारसे करतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग सावलीत कापडावर पसरून अंगची ओल जरा शिल्लक असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे आणि गूळ मिसळून गोळे मुरत ठेवायचे. हे पीठ घाईने होत नाही. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून मंद आंचेवर तुपात सोडतात आणि न उलटता झाऱ्याने तूप उडवीत तळतात. पीठ बिघडले असेल तर तो कढईतच हसतो आणि तुपासकट सारा घाणा वाया जातो. (श्रोत्यांतील भगिनींकडून दुजोरा.) त्यांच्या भाच्याने धनत्रयोदशीच्या आधल्या आठवड्यात हौसेने जाहिरात दिली आणि फोन अखंड वाजू लागला. भाचा म्हणाला, ‘मावशी, घेऊन तर ठेवू, पुढचं पुढं बघू.’ बाईंनी पिठाचे डबे उघडले, गोळे मोजले, तेवढ्याच मागण्या वहीत उतरवल्या आणि दारावर पाटी लावली: ‘पीठ संपले. नवी मागणी पुढच्या दिवाळीस.’ भाच्याला ती पाटी म्हणजे नुकसान वाटले. पुढच्या वर्षी गणपतीतच लोक नावे नोंदवून, बयाणा देऊन गेले. जाहिरातीस एक पैसाही लागला नाही. मंडळी, ती पाटी हीच त्या उद्योगाची सर्वोत्तम जाहिरात होती, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे; दहा मिनिटेच उरली आहेत. ‘किर्लोस्कर खबर’विषयी सविस्तर बोलण्याचा मानस होता. नांगर करणाऱ्या कारखान्याने १९२० साली मासिक काढावे आणि हंगाम असो वा नसो, शेतकऱ्याच्या घरी ते जात राहावे, यातच माझा सारा सिद्धांत आला आहे. ज्यांना जिज्ञासा आहे त्यांनी सभेनंतर भेटावे.

परदेशी फराळ धाडणाऱ्यांस मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतीय टपालखात्याची अमेरिकेकडे जाणारी पार्सले थांबली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. नरकचतुर्दशी होती २० ऑक्टोबरला. ज्यांनी दुसऱ्या वाटेची तरतूद आधी करून ठेवली नव्हती, त्यांच्या जाहिरातीतील ‘दिवाळीपूर्वी घरपोच’ या शब्दांना काय अर्थ उरला? म्हणून वाहतुकीचा करार आधी करावा आणि जाहिरातीचा मजकूर त्यानंतर लिहावा.

आता पंचांग पाहा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण लांबले आहेत: गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मध्ये पितृपंधरवडा आहे. त्या काळात नवी खरेदी पुष्कळ घरांत टाळली जाते, म्हणून तो वेष्टने, तोल आणि हिशेब यांसाठी राखावा. गणपतीत नमुना चाखवावा, घटस्थापनेस नोंदणी उघडावी, आणि जेवढे पुरवता येईल तेवढी नोंद होताच ती निःसंकोच बंद करावी.

तरुण मित्रांनो, हा अधिक महिना तुम्हांला आयता मिळाला आहे. उद्या सकाळी जाहिरातीचा मजकूर लिहावयास बसू नका. गतवर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी काढा आणि ज्यांचा माल उशिरा पोहोचला, त्यांना सर्वांआधी फोन करा.