शिक्षकांनी राहावे की जावे?
(महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गतकाळाचे गुणगान करावे, हा रिवाजच आहे. आणि परमेश्वराने आपणांवर केलेल्या उपकारांचे स्मरण करणे आपले कर्तव्यही आहे. तथापि आज मी मुद्दाम एक अडचणीचा विषय हाती घेतला आहे. या एका वर्षात आपणांपैकी कित्येकजण सायंकाळी मिशनच्या ओट्यावर येऊन बसले. कोणी पाटबंधाऱ्याविषयी बोलले, कोणी पिकापाण्याविषयी, परंतु निघतेवेळी बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडला : "फादर, आता ही शिक्षकी पुरे करावी, असे वाटते. काय करू?" एकेकट्याला दिलेले उत्तर अपुरे पडते, म्हणून आज सर्वांसमक्ष बोलतो.

वर्ष कठीण गेले, हे प्रथम कबूल करू या. आपला कर्जत तालुका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट पाहणारा मुलूख. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये याच सीनेला महापूर आला आणि नदीकाठची काळी माती वाहून गेली. ज्या घरी पीक बुडाले, त्या घरच्या पोराची वही कोण विकत घेणार? दिवाळी सरली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात, आणि वर्गातील मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर निघून जातात. त्यांस आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घेण्यासाठी गुरुजींस दारोदार विनवण्या कराव्या लागतात. महामारीच्या काळात ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मार्च 2020 मध्ये बंद झाले, ते 1 डिसेंबर 2021 रोजी उघडले. त्या जून महिन्यात ज्या बालकाने पहिलीत पाऊल ठेवावयाचे, ते 2025-26 साली सहावीत बसले. आणि त्याच्या वाचनातली उणीव आजही शिक्षकच भरून काढीत आहे.

त्यातच 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे, अशा शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, नाहीतर सेवा सोडावी लागेल, असा त्याचा आशय. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला गेला. या निकालाच्या गुणदोषांची चर्चा मी करीत नाही. मुलांस योग्य शिक्षक मिळावा, हा हेतू उत्तमच आहे. परंतु ज्याने वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून केस पांढरे केले, त्याला "तू पात्र आहेस काय?" असे विचारले गेले म्हणजे त्याच्या अंतःकरणास काय वाटते, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिले आहे. नवीन मंडळींची कथा निराळी. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढावयाची. प्राथमिक शाळेत त्यांचे मानधन 2023 पर्यंत महिना 6 हजार रुपये होते, ते त्या वर्षी 16 हजार झाले. आणि अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षक अनुदानाच्या पुढच्या टप्प्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

आता मी माझा एक अपराध सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी, मी नवखा पुरोहित असताना, दुसऱ्या एका गावी एक तरुण शिक्षक माझ्याकडे आला. तो थकला होता. त्याला झोप येत नव्हती. मी त्याला प्रवचन ऐकविले. क्रूस वाहण्याचा उपदेश केला आणि आशीर्वाद देऊन परत पाठविले. त्याला मी साधे जेवला आहेस काय, हेदेखील विचारले नाही. दोन महिन्यांनी तो कोणाचा निरोप न घेता गाव सोडून गेला. माझे शब्द धर्माला सोडून नव्हते, परंतु ते अवेळी बोलले गेले.

त्यानंतर एलिया संदेष्ट्याची कथा मी नव्या डोळ्यांनी वाचली. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकोणिसावा अध्याय आपण घरी अवश्य वाचावा. महान कार्य करून थकलेला तो देवमाणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि आता मरण येईल तर बरे, असे म्हणाला. देवाने काय केले? त्याची कानउघाडणी केली काय? नाही. देवदूताने त्याला स्पर्श केला आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई पुढे ठेवली. तो जेवला आणि पुन्हा निजला. देवदूताने त्याला निजू दिले, आणि दुसऱ्यांदा जेवू घातले. त्यानंतर चाळीस दिवसांची वाटचाल झाली, आणि मगच, होरेब डोंगरावर, "तू येथे काय करीत आहेस?" हा प्रश्न आला. आधी भाकर, मग झोप, मग प्रश्न, असा हा दैवी क्रम आहे. मी त्या शिक्षकाच्या बाबतीत हा क्रम उलटा केला होता. संत इग्नेशियस लोयोला यांनीही हेच शिकविले आहे की, मन अंधारलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. प्रकाश परत येईपर्यंत थांबावे.

आपल्या जिल्ह्यातच याचे एक उदाहरण आहे. सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित शिक्षिका 1827 साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. मुलींनी शिकणे हेच ज्या काळी नवल, त्या काळी त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. दहा वर्षांनी, 1837 साली, प्रकृती खालावल्यामुळे त्या मायदेशी परतल्या. त्यांचे कार्य संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु विश्रांती घेऊन 1839 साली त्या परत आल्या, या खेपेस अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. 1862 साली देह ठेवीपर्यंत त्या तेथेच शिकवीत राहिल्या. नगरातील त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. तेथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. फॅरारबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. परंतु ऋण ते ऋणच. त्या 1837 साली गेल्या, यात मला कमीपणा दिसत नाही. त्या वेळी विश्रांती घेतली, म्हणूनच पुढची बावीस-तेवीस वर्षे नगरच्या मुलींस लाभली.

आपल्या स्वतःच्या मिशनचा इतिहासही पाहा. 1878 साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथे येशूसंघीय फादर ओटो वाईसहॉप्ट यांनी कार्यास आरंभ केला. पुढे 1914 चे महायुद्ध पेटले; जर्मन धर्मगुरू स्थानबद्ध झाले आणि 1916 साली त्यांपैकी पुष्कळांस मायदेशी पाठविण्यात आले. त्या दिवसांत अनेक खेड्यांत फादरांचे दर्शन दुर्मिळ झाले. खेड्यातला मास्तर मात्र खेड्यातच होता. मुलांस बाराखडी आणि प्रार्थना शिकविणाऱ्या या मास्तरांपैकी बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. आजच्या महोत्सवाचा पाया मात्र त्यांच्या ओट्यावर घातला गेला आहे.

तर मग राहावे की जावे? शिक्षकी सोडणे हे पाप नाही, हे मी पुरोहित या नात्याने स्पष्ट सांगतो. घरी आजारी माणूस असेल, कर्ज असेल, शरीर साथ देत नसेल, तर निर्मळ मनाने जावे. कोणीही बोट दाखवू नये. परंतु परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे समोर असताना, वरिष्ठांचे कठोर शब्द कानांत ताजे असताना, मध्यरात्री राजीनामा लिहू नये. आधी जेवावे, निजावे. सुटीत आठ दिवस शाळेचे नाव काढू नये. मग स्वतःस विचारावे : मी मुलांस कंटाळलो आहे, की मुलांभोवतीच्या कागदांस? कागदांचा कंटाळा आला असेल, तर आपले पाचारण अद्याप जिवंत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. आपल्या वाडीवस्तीवरील पुष्कळ शाळा दोनशिक्षकी आहेत. एक गेला, तर नवी नेमणूक होईपर्यंत दुसऱ्याला सर्व वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. जाणाऱ्याने त्या सोबत्याला आधी सांगावे, एवढे तरी प्रेमाचे देणे आहे.

आता श्रद्धावंतांनो, मी आपणांकडे वळतो. देवदूताची भाकर आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी भाजावी लागते. गुरुजी दारी आले की आपण केवळ तक्रारी सांगतो. बाईंचा पगार रखडला, तर वाण्याकडे त्यांची हमी आपल्यापैकी कोण घेतो? फडावर जाताना लेकरू मागे ठेवा, अशी विनंती त्या करतात, तेव्हा शेजारच्या घराने त्याच्या दोन वेळच्या जेवणाचा भार उचलावा. एलियाला परत पाठविताना देवाने अलीशा नावाचा सोबती दिला, हेही विसरू नये. माझ्याकडून इतकेच देतो : मिशनच्या सभागृहाची किल्ली आजपासून पात्रता परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या शिक्षकांकडे राहील, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. तेथे दिवा असेल, पाणी असेल, आणि शनिवारी सायंकाळी जेवण असेल. ते जेवण धर्मग्रामातील कोणते घर कोणत्या आठवड्यात देणार, याची यादी मिस्सानंतर दाराशी ठेविली आहे. आपले नाव लिहून जावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपण राहिलात तर हे गाव आपले ऋणी राहील. गेलात तरी ऋणीच राहील. परंतु निर्णय घेण्यापूर्वी एकदा ओट्यावर या. या वेळी मी आधी जेवणाचे विचारीन.

प्रभू येशू ख्रिस्त, जो स्वतः गुरू म्हणून गावोगाव फिरला आणि थकून विहिरीच्या काठी बसला, तो आपणां सर्वांस बळ देवो. आमेन.