सांधे कोण तपासणार?



नोकरी सांभाळून रात्री ऑनलाइन मास्टर्स करणारे बरेच जण या सभागृहात आहेत. स्वायत्त यंत्रणांचं अभियांत्रिकी लॅपटॉपवर शिकता येतं का, हे त्यांना अजूनही नाक मुरडूनच विचारलं जातं. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. गणित उत्तम शिकता येतं, कदाचित वर्गापेक्षा बरं. अडतं ते दुसरीकडे.

२००४ साली अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत लावली. एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेल्या गाडीने बारा किलोमीटरही गाठले नव्हते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ सुमारे २१२ किलोमीटर सात तासांच्या आत धावून पहिली आली. त्या चमूचे प्रमुख सेबास्टियन थ्रून यांनी २०१२ मध्ये अशी गाडी प्रोग्रॅम करण्याचा विषय ‘युडॅसिटी’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर सर्वांना फुकट खुला केला. पुढे तो जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन मास्टर्समध्ये गेला. पदवी संगणकशास्त्राची, पण या विषयात कालमन फिल्टर, मार्गशोध, गाडी वाटेवर धरून ठेवणारं पीआयडी नियंत्रण, सगळं स्वतः लिहायचं.

आपण नेमके कुठे आहोत, हे गाडीला कधीच पक्कं ठाऊक नसतं. चाकांच्या फेऱ्या एक सांगतात, जीपीएस दुसरंच. कोणावर किती विसंबायचं याचा हिशेब कालमन फिल्टर करतो. हे पहिल्या फटक्यात डोक्यात शिरत नाही. व्हिडिओ मागे नेता येतो. फळ्यावरचं पुसलं जातं.

मग अडतं कुठे? आठवा १८ मार्च २०१८ची रात्र. ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. ती दगावली. सरकारी चौकशी अहवाल कोणालाही वाचता येतो. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपलं होतं. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली आणि दर वेळी आधीचा माग टाकून देत राहिली. त्यामुळे ती कुठे निघाली आहे, हे वेळेत उमगलंच नाही. गाडी मूळची व्होल्वो, तिचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवलेला. लक्ष ठेवायला बसवलेल्या चालकाची नजर मोबाइलवर.

रडार चालू होतं, लेझरने अंतर मोजणारा लिडार चालू होता. निखळले ते या तुकड्यांना जोडणारे सांधे.

आणि ऑनलाइन गृहपाठ तपासणारं सॉफ्टवेअर नेमकं एकेक तुकडा सुटा तपासतं. फिल्टर बरोबर? पूर्ण गुण. त्याचं उत्तर पुढच्या भागाने कसं वापरलं, ब्रेक बंद करायचं कोणी ठरवलं, त्यावर सही कोणाची, हे विचारायला कोणी नसतं. (वर्गातही फारसं कोणी विचारत नाही, पण तिथल्या सेन्सरवर निदान धूळ तरी बसते.)

म्हणून ठरावाचा मसुदा मांडतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या रोबोटिक्स प्रयोगशाळा आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेरच्या ऑनलाइन विद्यार्थ्यांसाठी उघडाव्यात. चौघांनी मिळून एक छोटी गाडी चालवावी. गुण ती पोहोचली म्हणून नव्हेत, तर ती कुठे आणि का अडखळली याच्या लेखी नोंदीला. विम्याचा प्रश्न निघेल, मोडतोडीचा निघेल, निघू दे. दुपारच्या सत्रात यावर बोला, विशेषतः ज्यांच्या खिशात प्रयोगशाळांच्या किल्ल्या आहेत त्यांनी.